साउइनच्या ताटातले बांगड्याचे तिखले

वाचकाचे पत्र

मी मूळची रत्नागिरीजवळची, वय ३६. गेली ६ वर्षे इंग्लंडमध्ये, लीड्स शहराबाहेरच्या एका लहान गावात एकटी राहते. २ वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा मला वेळेवर पोहोचता आले नाही. त्याच हिवाळ्यात कामावरच्या एका मैत्रिणीमुळे निसर्गपूजा आणि जादू मानणाऱ्या विक्का या पंथाची ओळख झाली. ऋतूंना इतके महत्त्व देणारा हा पंथ मला मनापासून आवडला आणि गेल्या वर्षी मी त्याचे आठही ऋतूत्सव करायचे ठरवले. प्रत्येक सणाचा रंग, मेणबत्ती, धूप, फूल, खडा, खाद्यपदार्थ आणि मंत्र यांचा तक्ता भिंतीवर लावला होता. तक्त्याप्रमाणे सारे केले, पण परीक्षा देत असल्यासारखे वाटत राहिले. अपवाद एकच, ३१ ऑक्टोबरचा मृतांच्या स्मरणाचा सण, साउइन. त्या रात्री तक्त्यातले डाळिंब आणि सफरचंद सोडून मी आईने पाठवलेले तिरफळ घालून वडिलांच्या आवडीचे बांगड्याचे तिखले केले, त्यांच्यासाठी ताट वाढले आणि खूप रडले. आमच्याकडे पक्षाला मासळी शिजत नाही, पण मला तेच करावेसे वाटले. एका अभ्यासमंडळात हे सांगितले तेव्हा एकीने आधी सणाच्या नावाचा माझा उच्चार सुधारला आणि मग ‘हे परंपरेला धरून नाही’ असे सुनावले. आईला कळले तेव्हा ती म्हणाली, ‘बापाच्या पक्षाला आली नाहीस आणि तिकडे चेटकिणींचे सण करतेस?’ आता फेब्रुवारीचा सण तोंडावर आला आहे. हे सण माझे कसे होतील? की मी उगाच दुसऱ्याच्या अंगणात खेळते आहे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या ताटापाशी थबकले. सात सणांना तुम्ही तक्त्यात लिहिलेले सारे यथासांग केले आणि मन कोरडे राहिले. एका सणाला तक्ता बाजूला सारला, शेगडीवर तिखले रटरटायला ठेवले, आणि तेव्हा कुठे डोळ्यांना पाणी आले. यावरून आपले काहीतरी चुकते आहे असे तुम्हाला वाटले. मला वाटते, वर्षभरात तुमचे बरोबर आले ते एवढेच. त्या संध्याकाळी तुमच्याकडे त्या सणापुढे ठेवण्यासारखे काही होते. इतर सात वेळा नव्हते, आणि जे मुळात नव्हते ते मेणबत्तीच्या रंगाने किंवा खड्याच्या जातीने कसे येणार? मी स्वतः विक्कन नाही. या विषयाची वाचक आहे आणि दोन-तीन वेळा अशा मंडळींची पाहुणी झाले आहे, एवढाच माझा अधिकार. तो ध्यानात घेऊनच पुढचे वाचावे.

‘परंपरेला धरून नाही’ या शेऱ्याचा आधी समाचार घेऊ, कारण तो तुमच्या मनात रुतून बसलेला दिसतो. ज्या परंपरेच्या नावाने तुम्हाला सुनावले गेले ती आहे तरी किती जुनी? जेराल्ड गार्डनर हे मलायात सीमाशुल्क खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले इंग्रज गृहस्थ. न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या, गुप्त मंडळाने आपल्याला १९३९ साली दीक्षा दिली, असे ते सांगत. जादूटोण्याविषयीचा १७३५चा ब्रिटिश कायदा १९५१ साली रद्द झाला, त्यानंतर १९५४ साली त्यांनी या पंथाविषयी उघडपणे पुस्तक लिहिले, आणि लोकांना विक्काची खरी ओळख झाली ती तेव्हापासून. ख्रिस्तपूर्व काळापासून अखंड चालत आलेला धर्म म्हणून त्यांनी तो मांडला. ब्रिस्टल विद्यापीठाचे रोनाल्ड हटन यांच्यासारखे इतिहासकार हे म्हणणे मान्य करत नाहीत. विधींत म्हटल्या जाणाऱ्या मजकुराचा बराचसा भाग तर डोरीन व्हॅलिएंटे या गार्डनर यांच्या शिष्येने १९५०च्या दशकात नव्याने लिहून काढला, आणि तिच्या हाताला कविता होती म्हणूनच तो आजही म्हणावासा वाटतो.

आठ सणांचे चाकही असेच जुळवलेले आहे. साउइन (३१ ऑक्टोबर), इम्बोल्क (१ फेब्रुवारी), बेल्टेन (१ मे) आणि लूनासा (१ ऑगस्ट) ही नावे मध्ययुगीन आयरिश साहित्यात सापडतात. गुरे-मेंढ्या आणि शेती यांवर जगणाऱ्या लोकांचे ते सण. उरलेले चार म्हणजे सूर्याचे टप्पे, दोन अयनदिन (वर्षातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा दिवस) आणि दोन विषुवदिन (दिवस-रात्र सारखे असतात ते). हे दोन्ही चौकडे एकाच प्राचीन समाजाने एकत्र पाळल्याचा पुरावा नाही. विक्कामध्ये ते एका चाकात बसले ते १९५०च्या दशकाच्या अखेरीस. सप्टेंबरात तुम्ही ‘मेबन’ म्हणून जो सण केलात त्याला ते नाव १९७०च्या दशकात एडन केली या अमेरिकन विक्कन लेखकाने दिले, आणि ज्या वेल्श कथेतून ते उचलले त्या कथेतल्या मेबनचा विषुवदिनाशी काही संबंध नाही. मार्चच्या विषुवदिनाला होणाऱ्या ‘ओस्टारा’च्या मागे आहे तो आठव्या शतकातल्या बीड नावाच्या ख्रिस्ती साधूने केलेला एक लहानसा उल्लेख, की ईओस्त्रे नावाच्या देवीवरून एका महिन्याला नाव पडले होते. हा बीड तुमच्याच उत्तर इंग्लंडातला, जॅरोच्या मठातला. ससा, अंडी वगैरे त्या देवीला फार पुढच्या काळात चिकटले. आणि उच्चाराचे म्हणाल, तर शब्द आयरिश असल्यामुळे ‘साउइन’ हे खरे. पण त्याचे इंग्रजी अक्षरांतले रूप पाहून पहिल्यांदा ‘सॅमहेन’ म्हणाला नाही असा माणूस विरळाच. तुम्हाला सुधारणाऱ्या बाईंनाही तो कोणीतरी सुधारूनच दिला असेल.

हे सारे तुमचा उत्साह मोडण्यासाठी सांगत नाही. आपल्या मकरसंक्रांतीचेच पाहा. तिला आपण उत्तरायणाचा आरंभ म्हणतो, पण सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. राशी नक्षत्रांवरून मोजण्याची आपली पद्धत आणि अयनचलन (पृथ्वीच्या अक्षाचे अतिसंथ डोलणे) यांमुळे सण तीन आठवड्यांहून अधिक पुढे सरकला आहे. म्हणून कोणाच्या घरचा तिळगूळ कडू झाल्याचे ऐकिवात नाही. विक्काचे चाक ज्यांनी बांधले त्यांनी हाताशी होते ते घेतले आणि नव्हते ते रचले. तुमच्या हाताशी तिरफळ होते, ते तुम्ही घातलेत.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या तक्त्यात रंग होता, धूप होता, खडा होता. खिडकीबाहेर काय चालले आहे याचा रकाना मात्र नव्हता. तुम्ही ज्यांना ऋतूत्सव म्हणता त्यांतला ऋतूच तेवढा गाळला गेला होता, आणि हा दोष तुमचा कमी, तसले तक्ते तयार करणाऱ्यांचा जास्त आहे. शिवाय तुमच्या बाबतीत एक वेगळी अडचण आहे, जिचा विचार इंग्लंडात जन्मलेल्या तुमच्या मैत्रिणीला करावा लागत नाही. रत्नागिरी साधारण १७ अक्षांशावर आहे. तिथे वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा; म्हणजे तुम्ही ज्या उजेडात वाढलात तो वर्षभरात फार तर सव्वादोन तासांनी कमीजास्त होतो, आणि मोठे दिवस येतात ते नेमके पावसाच्या ढगांखाली, म्हणून तेवढाही फरक कोणी मोजत नाही. कोकणात ऋतू कळतो तो पाण्यावरून. मृग वेळेवर लागला का, भात कधी लावायचे, विहिरीचे पाणी कुठवर उतरले, यांवर आपले वर्ष फिरते. लीड्स मात्र ५४ अंशांच्या जवळ आहे. तिथे डिसेंबरातला दिवस जेमतेम साडेसात तासांचा आणि जूनमधला १७ तासांचा. विषुवदिनाच्या सुमारास तिथला दिवस रोज सुमारे ४ मिनिटांनी वाढतो किंवा घटतो, म्हणजे आठवड्याला जवळजवळ अर्ध्या तासाने. आणि अयनदिनाच्या आसपास तो जागचा हलत नाही असे वाटते. सूर्याचे चार सण या भूगोलातून आले आहेत. पावसाच्या पंचांगावर वाढलेल्या शरीराला त्यांचा अर्थ वाचून कळत नाही. तो अंगावर यावा लागतो.

एका डिसेंबरात मी एडिंबरोजवळ आप्तांकडे तीन आठवडे राहिले होते. पावणेचारलाच अंधार पडायचा. दिवेलागण झाली म्हणून मी शुभंकरोती म्हणून मोकळी होत असे आणि मग ती संध्याकाळ काही केल्या संपत नसे. दुसऱ्या आठवड्यात मी विनाकारण चिडू लागले, तिसऱ्यात दुपारचीच झोपू लागले. २१ तारखेला शेजारच्या बाईंनी यूलसाठी, म्हणजे हिवाळ्यातल्या अयनदिनाच्या सणासाठी, बोलावले. त्यांनी घरातले सगळे दिवे मालवले, आम्ही दहा मिनिटे काळोखात न बोलता बसलो, आणि मग त्यांनी एक मेणबत्ती लावली. विधी म्हणाल तर एवढाच. त्या ज्योतीकडे पाहताना मला जे वाटले ते आधीच्या तीन आठवड्यांच्या चिडचिडीमुळे वाटले. विमानतळावरून थेट त्या खोलीत आले असते तर मी फार तर मेणबत्तीची किंमत विचारली असती. तुम्ही तिथले सहा हिवाळे काढले आहेत, पण माझा तर्क असा, की ते तुम्ही दिवे लावून, हीटर लावून आणि घराशी फोनवर बोलून काढले, जसे कोणीही काढील.

म्हणून या वर्षी तक्ता उतरवा आणि एक जागा धरा. घरापासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या आतली, फार सुंदर नसली तरी चालेल अशी: एखादे शेताचे कुंपण, कालव्याकाठचा बाक, दफनभूमीजवळचे झाड. आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वेळी, तिथे पंधरा मिनिटे बसा आणि वहीत दोन ओळी लिहा. त्या ओळींत भावना नकोत, अर्थ नको, देवीही नको. काय उमलले, काय गळले, उजेड कुठवर आला, कोणता पक्षी ओरडला, इतकेच. हे काम कंटाळवाणे आहे हे मी आधीच कबूल करते. पण वर्षभराने तुमच्याकडे जे वर्षचक्र तयार होईल ते तुमच्या गावचे असेल, आणि छापील चाकातले कोणते आरे त्यात बसतात आणि कोणते ओढूनताणून बसवलेले आहेत, ते तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही. डिसेंबरात तुमच्या हेही ध्यानात येईल, की सर्वांत लवकरचा सूर्यास्त अयनदिनाच्या आठवडाभर आधीच होऊन जातो, तर सर्वांत उशिराचा सूर्योदय वर्षाच्या अगदी शेवटी येतो. त्यामुळे दिवस वाढू लागला तरी सकाळी उठताना तो आणखी काळोखाच वाटतो. यूलनंतर लगेच कोणाला उल्हास वाटत नाही, त्याचे एक कारण हे असावे.

जागा आधी आणि तारीख नंतर, ही काही माझी पदरची कल्पना नाही. ऑस्ट्रेलियातल्या अनेक विक्कन मंडळींनी सारे चाक सहा महिन्यांनी उलटे फिरवले आहे. लीड्समध्ये साउइन असतो तेव्हा त्यांच्याकडे बेल्टेन असतो. खुद्द इंग्लंडातही हीच गंमत आहे. बेल्टेनचे फूल म्हणून जिथे तिथे हॉथॉर्न, म्हणजे कुंपणाला लावतात ते पांढऱ्या फुलांचे काटेरी झाड, सांगितलेला असतो, पण १ मे रोजी तुमच्या भागातला हॉथॉर्न बहुधा कळ्यांतच असतो, कारण १७५२ साली ब्रिटनने पंचांग बदलताना ११ दिवस गाळले आणि सण फुलाच्या पुढे निघून गेला. काही जण म्हणून तारखेकडे न पाहता कुंपण पांढरे होण्याची वाट पाहतात, आणि मला त्यांचेच पटते. (फांदी तोडून घरात मात्र आणू नका, तिथल्या जुन्या लोकांत ते अशुभ मानतात, आणि त्या फुलाचा वास बंद खोलीत फारसा चांगलाही लागत नाही.) आणखी एक निरीक्षण सांगते, जे मला कोणत्याही तक्त्यात आढळलेले नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात आफ्रिकेतून पाकोळ्या (स्विफ्ट पक्षी) येतात, संध्याकाळी घरांच्या छपरांवरून किंचाळत घिरट्या घालतात, आणि ऑगस्ट लागला की एके दिवशी आकाश एकदम गप्प होते. बेल्टेन आणि लूनासा यांच्यामधले अंतर जवळजवळ पाकोळ्यांच्या मुक्कामाएवढे आहे. त्या आल्या की त्यांच्या स्वागताला आणि गेल्या की निरोपाला पाच मिनिटे बाहेर उभे राहिलात, तर त्या दोन सणांना मी तरी आणखी काही मागणार नाही.

आठही सण सारख्याच थाटात करण्याचा आग्रहही सोडा. कोकणात गणपती आणि शिमगा यांच्यापुढे बाकीचे सण हात जोडून मागे उभे असतात, आणि त्यामुळे कोणाचे काही अडत नाही. साउइन तुमचा झालेलाच आहे. त्याच्या जोडीला यूल आणि बेल्टेन घ्या, किंवा जो सण वर्षभरात आपणहून हाका मारील तो घ्या. उरलेल्या दिवशी त्या ठरलेल्या जागी जाऊन आलात की पुरे. कथांचेही तसेच. देव यूलला जन्मतो, बेल्टेनला देवीशी एकरूप होतो, धान्याबरोबर कापला जातो आणि साउइनला मृतांच्या लोकी जातो, ही एक कथा. ओकचा राजा आणि हॉलीचा राजा दर सहा महिन्यांनी एकमेकांना हरवतात, ही दुसरी. आणि या दोन्ही एकमेकींशी नीट जुळतही नाहीत. कोणी त्या देवतांना खऱ्या मानतात, कोणी प्रतीके मानतात. गोष्ट आवडली तर ठेवा, न आवडली तर गोष्टीवाचूनही सण होतो.

आता पुन्हा त्या ताटाकडे येते. साउइन म्हणजे पितृपक्षच, असे तुम्हाला कोणीतरी म्हणेल. आईची समजूत घालताना तुम्हालाही तसे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरा, असा माझा आग्रह आहे. पितृपक्ष भाद्रपदाच्या कृष्णपक्षात येतो, तिथीने होतो, त्यात गोत्र उच्चारले जाते, आणि ते आपल्यावरचे ऋण असते. तिथे तुमचे वडील वसुरूप होतात, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. म्हणजे माणूस हळूहळू आपल्या आवडीनिवडींसह मागे सरतो आणि पितर होतो. श्राद्धाचे शहाणपण त्यातच आहे, ते थोर आहे, आणि तुमच्या घरी ते कोणी ना कोणी करतच असेल. साउइन ही मुळात उन्हाळा संपल्याची वेळ. गुरे रानातून घरी आणायची, हिवाळ्यात किती जगवता येतील त्याचा हिशेब करायचा, आणि त्या रात्री गेलेली माणसे घरी येतात असे मानून त्यांच्यासाठी चुलीपाशी जागा आणि खाणे ठेवायचे, अशी आयर्लंडातली लोकरीत होती. आजचे विक्कन अशाच धर्तीवर मूक भोजन करतात: मृताचे ताट वाढायचे आणि न बोलता जेवायचे. तिथे येतो तो पाहुणा असतो, आणि पाहुण्याला काय आवडते ते विचारात घ्यावेच लागते. वसुरूप पित्याला तिखले वाढता येत नाही, बाबांना येते. दोन्ही रीती आपापल्या जागी राहिल्या तर तुम्हाला दोन्ही मिळतील. एकीत दुसरी कालवली तर हाती एक पातळसर काहीतरी उरेल.

पुढच्या साउइनलाही तेच तिखले करा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे त्या आठवड्यात साडेचारलाच अंधार अंगावर येतो. तीच वेळ धरा. ताट तेच ठेवा, आणि वर्षभरात घडलेली एक गोष्ट वडिलांना मराठीत सांगा, हवे तर मोठ्याने. दुसऱ्या वर्षी रडू येणार नाही कदाचित. तसे झाले तर सण फसला असे समजू नका. तिसऱ्या वर्षी काय होते ते पाहा. ताटातले अन्न बाहेर ठेवण्याच्या फंदात मात्र पडू नका, कारण तिथे कावळ्याआधी कोल्हा येईल. ते तुम्हीच खा. आणि एक गोष्ट गांभीर्याने सांगते. वेळेवर पोहोचता न आल्याची सल दोन वर्षांनीही झोप उडवत असेल, तर तिचा भार एकट्या सणावर टाकू नका. ब्रिटनमध्ये शोकग्रस्तांशी बोलणारी क्रूझ नावाची जुनी संस्था आहे, तुमचे डॉक्टरही मार्ग दाखवतील.

आईच्या वाक्यातला ‘चेटकीण’ हा शब्द तुम्हाला लागला. मला तिच्या वाक्यातले ‘आली नाहीस’ हे दोन शब्द जास्त ऐकू आले. विक्कन लोक स्वतःला अभिमानाने ‘विच’ म्हणवतात, पण मराठीत चेटकीण म्हटले की डोळ्यांपुढे येते ती गावाने ठरवून छळलेली बाई. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नाही. त्यामुळे त्या शब्दाचे भाषांतर करण्याच्या खटपटीत पडू नका, आणि पंथाचे समर्थनही आईपुढे मांडू नका. तिला फोन करा आणि विचारा, तिरफळे किती घालायची, ठेचून की अख्खी, कोकम कधी टाकायचे, बाबांना रस्सा अंगाबरोबर लागायचा की जास्त. तुम्ही त्या रात्री काय केलेत हे तिला त्यातून कळेल. शक्य असेल तर यंदाच्या पक्षाला रजा काढून जा. विक्का सोडण्याची अट म्हणून हे सांगत नाही. तुम्हालाही ते हवे आहे, असे पत्रावरून वाटले म्हणून सांगते.

मंडळाविषयी थोडक्यात. ज्या गटात तुमचे ताट परीक्षेला लावले गेले तिथे पुन्हा जायलाच हवे असे नाही. पेगन फेडरेशन ही विक्कासारखे पंथ मानणाऱ्यांची संस्था ब्रिटनमध्ये १९७१पासून आहे, आणि अनेक गावांत ‘मूट’ म्हणजे पबमध्ये किंवा कॅफेत जमणाऱ्या खुल्या बैठका होतात. तिथे नुसते ऐकायला जाता येते. दीक्षा देणारे जुन्या धाटणीचे कोव्हेन, म्हणजे विक्कन मंडळींचे लहान गट, बहुधा एक वर्ष आणि एक दिवस थांबायला लावतात, आणि ही अट मला फार शहाणपणाची वाटते. त्यांच्यातल्या काहींत विधी विवस्त्र होतात, हे आधी ठाऊक असावे म्हणून सांगते. जो कोणी पहिल्याच महिन्यात पैसे, कपडे उतरवणे किंवा घरच्यांपासून गुप्तता मागेल, त्याच्याकडे पाठ फिरवावी. चांगले कोव्हेन नवख्याला ओढून नेत नाहीत. एकट्याने सण करणारे आज पुष्कळ आहेत आणि त्यांना कोणी कमी लेखू नये. दुसऱ्याच्या अंगणाचे विचारलेत, तर विक्काला जन्माची किंवा वंशाची अट सहसा नसते. ज्या गोष्टी शपथेखाली ठेवलेल्या आहेत त्या सोडल्या तर दार उघडे आहे. शिवाय तुम्ही तिथे ६ वर्षे कर भरता, पाऊस झेलता आणि कचऱ्याचे डबे वेळेवर बाहेर ठेवता. ते अंगण थोडेफार तुमचेही झाले आहे.

राहिला तोंडावर आलेला इम्बोल्क. १ फेब्रुवारी हा आयर्लंडात ब्रिजिडचा दिवस, कोणी तिला देवी मानतात, कोणी संत. २०२३पासून तिच्या नावाने तिथे सार्वजनिक सुट्टीही सुरू झाली. लव्हाळ्यांचा क्रॉस विणायचा असेल तर जरूर विणा, मात्र ती आजही आयरिश घराघरांत जिवंत असलेली रीत आहे हे जाणून विणा. पुस्तकांत लिहिलेले असते की या सुमारास मेंढ्यांना दूध उतरते आणि कोकरे दिसू लागतात. यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात कोकरे येतात ती मुख्यतः एप्रिलमध्ये, तेव्हा ती शोधत हिंडू नका. स्नोड्रॉपची लहान पांढरी फुले शोधा. जुन्या चर्चच्या आवारात, झाडांच्या बुंध्यांशी, गेल्या वर्षीच्या कुजक्या पानांतून ती वर येतात. फूल खाली मान घालून असते, आतल्या पाकळ्यांवरची हिरवी खूण पाहायची तर गुडघे टेकावे लागतात, म्हणून जुनी पँट घालून जा. सापडली तर वहीत तारीख टाका. सापडली नाहीत तर तेही लिहा, घरी येऊन आल्याचा चहा करा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जा.